दशांश आणि न्याय



१९३८ सालच्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती समाजाच्या सभेत बोलले. येवल्याच्या घोषणेला दोन वर्षे होऊन गेली होती. हिंदू धर्म सोडायचा हे ठरले होते, कुठे जायचे हे ठरले नव्हते, आणि प्रत्येक धर्माचे लोक त्यांच्याकडे डोळे लावून बसले होते. सोलापूरकर ख्रिस्ती मंडळींनाही आशा असणारच. बाबासाहेबांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासात आपल्या मनाची पकड घेतली ती दोनच व्यक्तींनी, एक बुद्ध आणि दुसरा ख्रिस्त, ही पहिली. दुसरी गोष्ट समोर बसलेल्यांना बोचणारी होती. हिंदी ख्रिस्ती लोक एक समाज म्हणून सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढले नाहीत, असे त्यांनी तोंडावर सांगितले. मिशनच्या सावलीत शिक्षण मिळाले, दवाखाना मिळाला, पण हक्कांची लढाई आपली आहे असे या समाजाला वाटले नाही, असा त्यांचा रोख होता. पुढच्या महिन्यात हे भाषण त्यांच्या ‘जनता’ या पत्रात छापून आले.

आमच्या मंडळ्यांत पहिली गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. दुसरी सांगताना मी क्वचितच कोणाला ऐकले आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या दुसऱ्या गोष्टीतून निघाला आहे.

ख्रिस्ती मंडळीपुढे नीतीचे प्रश्न पुष्कळ असतात. दारू, जुगार, विवाहबाह्य संबंध, घटस्फोट, गर्भपात, तरुण मुलामुलींचे वागणे, रविवारची उपासना चुकवणे. आणि बाहेर, चर्चच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, जात आहे, बुडवलेली मजुरी आहे, गटारात गुदमरून मेलेला माणूस आहे. यातले आधी काय? पाळकाने किंवा धर्मगुरूने प्रवचनात कशावर बोलायचे, मंडळीने वेळ आणि पैसा कशावर खर्च करायचा, संडे स्कूलच्या मुलांना पाप म्हणून काय दाखवायचे? माझे उत्तर सुरुवातीलाच सांगतो. ज्या पापाची किंमत दुसराच कोणी दुबळा माणूस मोजतो आणि ज्यात आपलाही हात आहे, ते आधी. बाकीचे सोडायचे नाही, पण ते नंतर.

ठाणे-कल्याणात हे बोलण्याला विशेष अर्थ आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक प्रवासी ‘कल्लियाना’ या बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवतो, आणि ते बंदर म्हणजे आपले कल्याण असे बहुतेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. पुढे पोर्तुगीज आले. मासुंदा तलावाच्या काठचे सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च ही त्या काळाची खूण. त्याच काळात या पट्ट्यात देवळे पाडली गेली आणि सक्तीची धर्मांतरेही झाली. चर्चने केलेल्या अन्यायाची आठवण चर्चमध्येच सर्वात कमी काढली जाते, म्हणून ती मी येथे काढतो. इंग्रजांच्या अमदानीत, १८२५ मध्ये, बिशप हेबर यांनी ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चची प्रतिष्ठापना केली. रेल्वे आली आणि कल्याणला गोव्याचे, मंगळूरचे, अँग्लो-इंडियन असे रेल्वे कामगार राहू लागले. नगर, जालना, सोलापूरकडची मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबे कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी अंबरनाथ-डोंबिवलीला आली. मल्याळी कॅथॉलिक इतके वाढले की १९८८ मध्ये सिरो-मलबार चर्चने त्यांच्यासाठी वेगळा धर्मप्रांत स्थापला आणि त्याला नाव दिले कल्याण. रेव्हरंड नारायण वामन टिळक लहानपणी शिकले तेही कल्याणलाच. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ख्रिस्ती लोक शंभरात एकसुद्धा नाहीत. पण एवढ्या जुन्या आणि एवढ्या मिश्र ख्रिस्ती वस्त्या राज्यात फार थोड्या ठिकाणी सापडतील.

आता शास्त्राकडे वळतो. कोणते आधी याचा क्रम आपण नव्याने लावायचा नाही. तो येशूने लावून दिला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात तो शास्त्री आणि परूशी यांच्यावर संतापलेला दिसतो. ही माणसे वाईट नव्हती. परसातल्या पुदिन्याचा, शेपूचा आणि जिऱ्याचासुद्धा दहावा हिस्सा ती मोजून देवाला देत. एवढ्या काटेकोरपणात नियमशास्त्रातल्या जड गोष्टी, म्हणजे न्याय, दया आणि विश्वासूपणा, मात्र बाजूला पडल्या. येशू त्यांना जिऱ्याचा दशांश बंद करा असे सांगत नाही. तेही करा, पण हे आधी करायला हवे होते, असे सांगतो. त्याच्या कितीतरी आधी यशयाने उपास कसा असावा हे सांगताना जुवाखाली दबलेल्यांना मोकळे करण्याची आणि भुकेल्याला आपल्या ताटातले देण्याची अट घातली होती. आमोसाला तर न्यायाविना चाललेल्या सणांचा आणि भजनांचा वीट आला होता. नव्या करारात याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवापुढे ओरडत उभी राहते. शेतमजुराच्या वतीने बोलणारा कोणी नसला तरी त्याची मजुरी बोलते, इतके त्या पत्रलेखकाला ते पाप जड वाटले.

मग चर्चमध्ये जिऱ्याचा हिशोब का चालतो? याचे उत्तर मला दुष्टपणात सापडत नाही. छोटी पापे मोजता येतात. कोण उपासनेला आले नाही, कोणाच्या लग्नात दारू वाहिली, कोणाच्या मुलीने परधर्मातल्या मुलाशी लग्न केले, हे दिसते आणि नावानिशी सांगता येते. त्याहून महत्त्वाचे कारण आहे, आणि ते बोलायला जड जाते. प्रवचनात ज्या पापांवर आसूड ओढले जातात ती बहुधा बाकांवरच्या दुबळ्या लोकांची असतात. मुलींच्या कपड्यांवर बोलले जाते, तरुणांच्या मोबाइलवर बोलले जाते, घटस्फोटित बाईवर बोलले जाते. पुढच्या रांगेतला लघुउद्योजक कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी भरत नसेल, तर त्यावर प्रवचन होत नाही. चर्चच्या नव्या छपरासाठी देणगी त्याच्याकडून आलेली असते. शास्त्री-परूश्यांच्या काळातही मंदिराची पेटी अशाच देणगीदारांच्या जोरावर भरत असणार.

याचे एक उदाहरण आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासाच्या मुळाशीच आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ मध्ये नगरला गेले. नगरला त्यांनी मुलींना शिकवले, अस्पृश्य मुलांना शाळेत घेतले, मंडळीत जात पाळायची नाही असा आग्रह धरला. मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली. एवढे मोठे ते काम. आणि त्याच वर्षांत या मिशनची बोस्टनमधली मातृसंस्था गुलामगिरीवर स्पष्ट बोलायला तयार नव्हती. अमेरिकेतल्या चेरोकी आणि चोक्टॉ या आदिवासी लोकांत तिच्या मंडळ्या होत्या, त्यांत गुलामांचे मालक सभासद होते, आणि त्यांना काढावे की नाही यावर संस्था वर्षानुवर्षे शब्द फिरवत राहिली. शेवटी गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती लोक बाहेर पडले आणि १८४६ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था उभारली. दूरच्या देशातली जात त्या मातृसंस्थेला पाप म्हणून दिसली. घरच्या वर्गणीदारांची गुलामगिरी तिला गुंतागुंतीचा प्रश्न वाटली. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग करणाऱ्या अमेरिकन लोकांना. कोणाला मान द्यायचा हे त्यांना नेमके कळत होते.

म्हणून मी माझ्या उत्तरात ‘ज्यात आपलाही हात आहे’ ही अट घातली. लांबच्या अन्यायावर ठराव करणे सोपे असते.

वैयक्तिक नीती आणि सामाजिक न्याय हे दोन वेगळे कप्पे आहेत असे पुष्कळांना वाटते. एकाने भक्ती करावी, दुसऱ्याने मोर्चे काढावेत. मराठी ख्रिस्ती परंपरेतल्या सर्वात मोठ्या व्यक्तीने हे कप्पे मानले नाहीत. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, भाऊ नंतर गेला. शूद्र मानल्या गेलेल्या जातीतल्या बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी १८८० मध्ये लग्न केले आणि दोन वर्षांच्या आतच त्या विधवा झाल्या. पदरात लहान मनोरमा. १८८२ मध्ये पुण्यात शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना या तरुण विधवेने स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली, आणि शिकलेले पुरुषच स्त्रीशिक्षणाच्या आड येतात हे आयोगाला स्पष्ट सांगितले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले ते विधवांसाठी.

रमाबाईंची प्रार्थना आणि रमाबाईंचे काम वेगळे काढता येत नाही. विधवेचे केशवपन, तिचा घरातला छळ, तिच्यावर होणारा लैंगिक अत्याचार हे त्यांच्या लेखी एकाच वेळी पापही होते आणि अन्यायही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. ज्या मुलींना दलाल उचलून नेत होते त्यांना त्यांनी केडगावला आणले. १९०० च्या सुमारास त्यांच्या तिथल्या मुक्ति मिशनमध्ये सुमारे दोन हजार स्त्रिया आणि मुली होत्या. तिथे छापखाना होता, तेलाचा घाणा होता, विणकाम होते, शेती होती, अंध मुलींसाठी ब्रेल होते. फसवल्या गेलेल्या आणि समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी वेगळे सदन होते. त्या स्त्रियांची पापे कोणती याची यादी आधी मागावी असे रमाबाईंना वाटले नाही. आधी भाकरी, आसरा आणि हाताला काम. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. सरकार ख्रिस्ती होते आणि रमाबाईही ख्रिस्ती होत्या, पण त्यामुळे त्यांची लेखणी अडली नाही.

रमाबाईंच्याच चरित्रात आपल्याला टाळता न येणारा दुसरा प्रश्नही आहे. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आज या सभागृहात बसलेल्या हिंदू आणि बौद्ध मित्रांच्या मनातही ती शंका असू शकते: ख्रिस्ती माणूस न्यायाचे बोलतो, ते धर्मांतराचे जाळे तर नसेल? रमाबाईंनी दार उघडे ठेवून प्रार्थना केली, सक्ती केली नाही, असे मी मानतो. पण या शंकेला माझे स्वतःचे उत्तर वेगळे आहे. न्याय हे कशाचेही साधन नव्हे. ज्याच्या हक्कासाठी मी उभा राहतो तो उद्या माझ्या चर्चमध्ये यावा अशी अपेक्षा माझ्या मनात असेल, तर मी त्याच्या दुःखाचा वापर करतो आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला सरायमध्ये पोचवून, खर्चाचे पैसे देऊन तो परका माणूस निघून जातो. जखमी माणसाचा धर्म तो विचारत नाही आणि आपल्या देवळाचा पत्ताही देत नाही.

आता आपल्या गावांकडे येतो.

१ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेला, चक्कीनाक्याजवळ, एका विहिरीत पाच माणसे मेली. विहीर साफ करायला एक जण उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला दुसरे उतरले, तेही आले नाहीत. शेवटी अग्निशमन दलाचे जवान उतरले आणि त्यांतले दोघे गेले. पुढच्या वर्षी, मे २०१९ मध्ये, ठाण्यात ढोकाळीला एका मोठ्या गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत तीन सफाई कामगार गुदमरून मेले. ती टाकी रहिवाशांच्या आवारात होती आणि तिच्यातले सांडपाणी त्यांच्याच घरांतले होते. म्हणून ही दुसरी घटना मला जास्त छळते. ते संकुल सोडा. तुमच्या-माझ्या संकुलातही टाकी आहे. ती साफ करण्याचे काम वार्षिक सर्वसाधारण सभेत ठेकेदाराला दिले जाते आणि कमीत कमी दराची निविदा मंजूर होते. त्या सभेत हात वर करणाऱ्यांत ख्रिस्ती माणसे असतात, बायबल वाचणारी, दशांश देणारी.

कायदा काय म्हणतो ते ऐका. हाताने मैला साफ करण्याच्या कामाला बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. २०१३ मध्ये नवा कायदा आला आणि संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा ठरला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूच्या प्रत्येक प्रकरणी १० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले, आणि २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. म्हणजे कायदा आहे, निकाल आहे, भरपाईचा आकडाही आहे. माणूस तरी उतरतोच, आणि उतरणारा कोणत्या जातीचा असतो हे या सभागृहात कोणाला सांगावे लागू नये. या कामाविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या बेझवाडा विल्सन यांना २०१६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कोलार सोन्याच्या खाणींच्या वसाहतीत, याच कामाला जुंपलेल्या समाजात ते वाढले. किती चर्चमध्ये त्यांना बोलावले गेले असेल, याचा विचार मी करतो.

डोंबिवलीकरांना एमआयडीसीविषयी मी काय सांगावे? २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, बारा माणसे गेली, आसपासच्या इमारतींच्या काचा उडाल्या. २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला आणि पुन्हा दहाहून अधिक माणसे गेली. मधल्या काळात, २०२० मध्ये, रसायनांमुळे रस्ता गुलाबी झाला तेव्हा मुख्यमंत्री पाहायला आले. त्याआधी, ४ एप्रिल २०१३ ला, शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मेली. त्यांत बांधकाम मजूर आणि त्यांची मुले होती. अशा वेळी चर्च काय करते हे मी पाहिले आहे: जेवण पुरवते, कपडे गोळा करते, जखमींसाठी प्रार्थना करते. हे सगळे चांगले आहे आणि मनापासून केले जाते. पण स्फोटानंतरची मदत ही दया झाली. कारखान्याची तपासणी का झाली नाही, इमारतीला वीज आणि पाणी कोणी दिले, हे विचारणे म्हणजे न्याय. येशूने जड गोष्टींमध्ये दोन्ही मोजल्या. आपण एकच उचलतो, कारण दया केल्याबद्दल कोणी रागवत नाही.

जातीबद्दल बोलायलाच हवे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेल्या दलितांना अजून नाही. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा असे सुचवले, आणि २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग पुन्हा याच प्रश्नावर नेमला गेला. अनेक चर्चेस १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात. ती मागणी मला न्याय्य वाटते. पण सरकारकडे बोट दाखवताना स्वतःच्या अंगणाकडे पाहावे लागते. भारतातल्या कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव आहे हे तिने लेखी मान्य केले. ही कबुली मोठी आहे. आपल्या मंडळ्यांत मात्र मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की ‘त्यांचे मूळ गाव कोणते’ असे विचारले जाते, आणि गावावरून काय शोधायचे असते हे सगळ्यांना कळते. बाप्तिस्मा एक, प्रभुभोजनाचा प्याला एक, आणि सोयरीक मात्र मूळ जातीत. पाळकाने मुलीच्या कपड्यांवर बोलण्याआधी यावर बोलावे.

इथे कोणी म्हणेल, चर्चचे काम आत्म्यांचे तारण आहे, राजकारण नव्हे. मी पक्षांचे राजकारण सांगत नाही. कोणाला मत द्या हे व्यासपीठावरून सांगणारा पाळक आपल्या मंडळीचा अपमान करतो. पण मजुरी, जात आणि गटार हे विषय राजकारणाचे म्हणून सोडून द्यायचे असतील, तर आमोस आणि याकोब ही पाने बायबलमधून काढावी लागतील. गर्भपातासारख्या विषयावर माझी परंपरा जे मानते ते मी हलके करत नाही. मात्र मुलगी नको म्हणून सासरच्यांनी जिला सोनोग्राफीला नेले, तिच्याशी पापाबद्दल बोलण्याआधी सासऱ्याशी बोलावे, डॉक्टरशी बोलावे. दारूचेही तसेच. पिणाऱ्याला पश्चात्ताप करायला जरूर सांगावे. पण त्याची बायको गावात दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून आडव्या बाटलीवर मतदान मागत उन्हातान्हात फिरत असेल, तर मंडळीने तिच्याबरोबर फिरावे. पापाची किंमत कोण मोजतो, हे आधी पाहावे.

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. आपण मूठभर आहोत, दिवस चांगले नाहीत, गप्प राहिलेले बरे. ही भीती खोटी नाही. फादर स्टॅन स्वामी झारखंडमधल्या आदिवासींसाठी, खटल्याविना तुरुंगात पडलेल्या तरुणांसाठी काम करत होते. ८ ऑक्टोबर २०२० ला त्यांना अटक झाली. त्यांना जिथे ठेवले तो तळोजा तुरुंग इथून फार लांब नाही. कंपवातामुळे हातात पेला धरता येत नसलेले हे ८४ वर्षांचे जेझुइट धर्मगुरू ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात कोठडीतच वारले. खटला सुरूही झाला नव्हता. न्यायाला पहिले स्थान देण्याची किंमत एवढी मोठी असू शकते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पण याच भूमीतले आणखी एक उदाहरण आहे, आणि मला ते जवळचे वाटते. २०१४ पर्यंत वसई ठाणे जिल्ह्यात होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून जवळजवळ दोन तपे ‘सुवार्ता’ मासिक चालवले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला, टँकरवाले विहिरी उपसून पाणी विकू लागले, गुंडगिरीने लोकांची तोंडे बंद झाली. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून दिब्रिटो रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने यात पडू नये असे सांगणारे तेव्हाही होते. त्यांच्याबरोबर चालणारे लोक सगळे कॅथॉलिक नव्हते. सामवेदी ब्राह्मण होते, आगरी होते, वाडवळ होते, मुस्लिम होते. विहिरीचे पाणी आटले तर ते सगळ्यांचे आटते. मूठभर असण्याच्या भीतीवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही: स्वतःच्या समाजाच्या मागण्यांपासून सुरुवात न करता शेजाऱ्याच्या अन्यायापासून सुरुवात करावी, म्हणजे माणूस एकटा पडत नाही. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटो बसले, तेव्हा एका धर्मगुरूला हा मान का, असे विचारणारे निघाले आणि धमक्याही आल्या. आजारी असूनही ते गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ ला त्यांचे निधन झाले.

बाबासाहेबांनी सोलापुरात केलेल्या आरोपाला रमाबाईंनी आणि दिब्रिटोंनी, प्रत्येकाने आपापल्या काळात, उत्तर दिले. ते उत्तर मात्र व्यक्तींचे आहे. आरोप समाजावर होता आणि तो अजून तसाच आहे.

म्हणून माझी विनंती आहे, आणि ती या सभागृहातल्या ख्रिस्ती श्रोत्यांना आहे. येत्या रविवारी उपासना संपल्यावर पंचकमिटीला किंवा पॅरिश कौन्सिलला विचारा: आपल्या चर्चच्या आणि शाळेच्या आवारात झाडू मारणारी बाई, रात्रीचा वॉचमन, कंत्राटावरचा शिपाई यांना किमान वेतन मिळते का, आणि ते महिन्याच्या कोणत्या तारखेला मिळते? आपल्या संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी कायद्याने सांगितलेली समिती आहे का, आणि तिचे सभासद कोण हे तिथल्या बायकांना माहीत आहे का? त्याच संध्याकाळी तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा की टाकी शेवटची कधी साफ झाली, कोणी केली, यंत्राने केली की माणूस उतरवून. ठेक्याचा कागद पाहायला मागा. घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंना या महिन्यापासून सुट्टीचा पगार द्या. आणि हे सगळे केल्यावर दशांशही द्या.